मूल किती हलतं, हे कोण ठरवतं?

माझ्या भाचीने परवा पहिली पावलं टाकली. चौदा महिन्यांची आहे. दिवाणाची कड सोडली, दोन्ही हात खांद्यापर्यंत वर धरले आणि चार पावलांत टीपॉय गाठला. पायातले वाळे वाजले तशी स्वतःच थांबली, खाली पाहिलं आणि हसली. आईने लगेच मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली.

रात्री फोन सुरू झाले. सांगलीची मावशी म्हणाली, "आत्ता चालली? आमची पोरं दहाव्या महिन्यात अंगणभर फिरायची." वहिनीच्या मैत्रिणीने सांगितलं, "आमचा रांगलाच नाही, थेट चालला." इमारतीतल्या एका काकूंनी चाकांचा वॉकर आणायचा सल्ला दिला. वहिनी बिचारी रडकुंडीला आली. आपलं मूल मागे पडलं की काय, आणि पडलं असेल तर आपलंच काही चुकलं का, हे तिच्या डोक्यातून जाईना.

मी बरीच वर्षं बालवाडीच्या ताईंबरोबर काम करते. हा प्रश्न मला नवा नाही. पण घरातच आला तेव्हा वहिनीला नीट, सगळं उलगडून सांगावं असं वाटलं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

आधी उशिराबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली निरोगी, नीट खातीपिती बाळं घेतली होती. आपल्याकडची बाळं दक्षिण दिल्लीतली होती. बाळ आधाराशिवाय कधी बसतं, कधी रांगतं, कधी एकटं चालतं हे महिन्या-महिन्याला पाहिलं. त्यातून निघालं ते असं: आधाराशिवाय बसायचा काळ साधारण पावणेचार महिन्यांपासून सव्वानऊ महिन्यांपर्यंत पसरलेला. एकटं चालायचा काळ सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत. म्हणजे दहाव्या महिन्यात चालणारं मावशीचं मूल आणि चौदाव्यात चालणारी आमची, दोघंही त्याच अंगणात उभी आहेत. आणि शंभरातली चार-पाच बाळं गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कोणी बुडावर सरकली, कोणी पोटावर, कोणी सरळ उभी राहून चालायला लागली.

अठरा महिने उलटले तरी मूल एकटं चालत नसेल, शरीराची एकच बाजू वापरत असेल, किंवा आधी जमत होतं ते आता जमेनासं झालं असेल, तर मात्र फोनवरच्या सल्ल्यांवर थांबू नये, बालरोगतज्ज्ञांकडे जावं. बाकी शेजारच्या बाळाशी बरोबरी करण्यात काही अर्थ नाही.

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. सगळी बाळं निरोगी, तरीही घानातली साधारणपणे पुढे आणि नॉर्वेतली मागे. असं का? आता खरी गंमत सुरू होते.

खड्ड्यात बसवलेलं बाळ

केनियात किप्सिगिस नावाचे लोक राहतात. १९७० च्या दशकात चार्ल्स सुपर हे अमेरिकन संशोधक त्यांच्या एका गावात राहिले. तिथल्या आया बाळाला बसायला चक्क शिकवतात. जमिनीत छोटा खड्डा करायचा, त्यात बाळाला बसवायचं, कापडाने चोहोबाजूंनी आधार द्यायचा. चालायला शिकवायचं तर काखेत धरून रोज पावलं टाकायला लावायची. ही बाळं अमेरिकन बाळांपेक्षा साधारण महिनाभर आधी बसायची, चालायची. तोवर बाहेरच्यांचा समज असा होता की आफ्रिकेतली बाळं जन्मतःच पुढे असतात. सुपर यांनी नेमकं दाखवलं की जे शिकवलं जातं त्यातच ती पुढे आहेत. रांगायला तिथे कोणी मुद्दाम शिकवत नव्हतं, आणि रांगण्यात ती पुढेही नव्हती.

आता याच्या उलट टोकाला जाऊ. पॅराग्वेच्या घनदाट जंगलात राहणाऱ्या आचे लोकांच्या आया बाळाला सहसा खाली सोडतच नसत. जंगलाची जमीन, साप, किडे. सोडणार तरी कुठे? ती मुलं सुमारे तेवीसाव्या महिन्यात चालायची. आपल्याकडे एवढ्या वेळात चार डॉक्टर झाले असते. पण हीच मुलं पुढे मोठमोठ्या झाडांवर सहज चढायची.

ताजिकिस्तानात गहवोरा नावाचा लाकडी पाळणा असतो. त्यात बाळाला खांद्यांपासून पायांपर्यंत पट्ट्यांनी बांधून ठेवतात, दिवसाचे कित्येक तास. बाळ शांत झोपतं, उबेत राहतं, आईला कामं उरकता येतात. ही मुलं बसायला, चालायला उशिराच लागतात. मात्र चार-पाच वर्षांची झाली की इतर देशांतल्या मुलांसारखीच धावतात, उड्या मारतात.

आणि हे फक्त दूरच्या खेड्यापाड्यांत घडतं असं नाही. अमेरिकेत १९९४ साली मोहीम निघाली की बाळाला झोपवताना उताणंच झोपवा, कारण पालथं झोपलेल्या बाळांचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका जास्त असतो. मोहिमेने असंख्य जीव वाचवले. पण उताण्या झोपणाऱ्या बाळांचं पालथं पडणं, रांगणं थोडं लांबलं. चालायचं वय मात्र तेच राहिलं. एक सवय बदलली आणि मोठ्या देशातल्या बाळांचं वेळापत्रक हललं. झोपवायचं मात्र आजही उताणंच. पालथं ठेवायचं ते जागेपणी, आपल्या नजरेसमोर.

मी वहिनीला म्हटलं, बाळाच्या अंगात एक घड्याळ असतं हे खरं, पण त्याला चावी देणारे हात घरातले असतात. कुठल्या घरात कशाची हौस, कशाची भीती, कशाची सोय, त्याप्रमाणे बाळ एखादी गोष्ट लवकर करतं, एखादी उशिरा.

आपल्या घरातले हात

आपल्याकडे हे कसं चालतं, ते बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईंकडे पाहिलं की कळतं. भाचीला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई पाटावर बसून पाय लांब सोडायच्या आणि नडग्यांवर बाळाला आडवं घ्यायच्या. आधी उताणं. डावा हात उजव्या पायाकडे, उजवा हात डाव्या पायाकडे, तेलाचे हात फिरवत. मग एका झटक्यात पालथं. मान त्यांच्या पावलांकडे, पोट नडगीवर. बाळ मान उचलायला बघायचं, कण्हायचं, पुन्हा उचलायचं. बाई पाठीवरून कमरेपर्यंत हात फिरवत राहायच्या.

जागतिक आरोग्य संघटना आज सांगते की अजून सरकू-रांगू न लागलेल्या बाळाला दिवसातून एकूण किमान अर्धा तास, थोडं थोडं करून, जागेपणी पोटावर ठेवा. इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्या आया त्याला टमी टाइम म्हणतात. आमच्या बाईंनी हा शब्द कधी ऐकलेला नाही, आणि त्यांच्या आईनेही हेच केलं होतं. मालिशीतल्या सगळ्याच गोष्टी चांगल्या नसतात. बाळाच्या नाकाकानात तेल घालणं, नाक ओढून सरळ करणं, डोकं दाबून गोल करणं हे थांबवायलाच हवं. पण नडगीवरचं ते पालथं पडणं मला फार मोलाचं वाटतं.

तसाच पांगुळगाडा. तीन चाकांचा, लाकडी, पुढे दांडी. बाळ उभं राहतं, दांडी धरतं, ढकलतं. वजन स्वतःच्या पायांवर, तोल स्वतःचा. गाडी पुढे पळाली की बाळ बुडावर बसतं आणि पुन्हा उठतं. हल्लीचा बसायचा वॉकर वेगळा. त्यात बाळ मध्ये अडकवलेलं असतं, पाय टोकांवर, तोल प्लास्टिकच्या कड्याचा. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट बाळ जिन्याकडे, शेगडीकडे भर्रकन पोचतं. कॅनडाने २००४ साली असे वॉकर विकायलाच बंदी घातली. काकूंचा सल्ला आम्ही नम्रपणे बाजूला ठेवला आणि कोकणातून पांगुळगाडा मागवला.

चालायला शिकणं म्हणजे नेमकं काय, यावर न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली केलेली मोजणी मला फार आवडते. एक ते दीड वर्षाची मुलं मोकळी खेळत असताना त्यांची पावलं मोजली. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. सतरा! आता कल्पना करा की प्रत्येक पडण्याआधी कुणीतरी धावून मुलाला उचललं, तर ते मूल तासाला किती पावलं टाकेल? आपल्या घरांत आजी-आजोबा, आत्या, काका असे पाच-सहा जण हात पसरून तयारच असतात. मायेपोटीच. मूल या कडेवरून त्या कडेवर जातं आणि सगळ्या घराचं लाडकं असूनही त्याच्या पायांना जमीन कमी मिळते.

याच संशोधकांनी आणखी एक साधी गोष्ट पाहिली. तीच मुलं डायपर घालून आणि उघडी, अशी चालवली. उघडी मुलं जास्त नीट चालली, कमी अडखळली. पायांच्या मध्ये जाड गठ्ठा असला की पाय फाकतात. उन्हाळ्याच्या दुपारी गावाकडे नुसत्या करदोट्यावर फिरणारी आपली पोरं आठवा. घरात तरी काही वेळ मुलाला तसं मोकळं सोडायला हरकत नाही. फरशी पुसावी लागेल, एवढंच.

आणि वाळे. बाळाने पाय आपटला की आवाज होतो, आवाज झाला की पुन्हा आपटावासा वाटतो. पीक-पीक वाजणारे बूट हे त्याचंच बाजारी रूप. फक्त बुटांत बोटं मोकळी राहत नाहीत, म्हणून घरात अनवाणीच बरं.

डोळ्यांसमोर, पण पायात नाही

हालचाल किती हवी, याचे आकडे आता ठरलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ते जाहीर केले. एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान तीन तास हलावं. चालणं, चढणं, ओढणं, नाचणं काहीही. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्यातला किमान एक तास धाप लागेल असा. मुलाला गाडीत, खुर्चीत किंवा पाठीशी बांधून सलग तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. दोन वर्षांच्या आत टीव्ही-मोबाईलचा पडदा नको, त्यानंतर दिवसाला एक तासाच्या आत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही पडद्याबद्दल हेच म्हणणं आहे. आणि झोप: तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास. जगभरातल्या अनेक देशांतली तीन-चार वर्षांची मुलं पाहिली तेव्हा हालचाल, पडदा आणि झोप या तिन्ही गोष्टी नीट जमलेलं मूल साधारण सातात एखादंच निघालं.

तीन तास ऐकून पालक दचकतात. मुलाला कुठल्या क्लासला घालू, असं विचारतात. क्लासने हे होत नाही. लहान मुलाची हालचाल पावसाच्या सरीसारखी असते. एक मिनिट धावलं, अर्धं मिनिट बसलं, मुंगी पाहिली, पुन्हा धावलं. अशा शेकडो सरी दिवसभर पडल्या की तीन तास भरतात. त्यासाठी लागते ती जागा, आणि त्या जागेवर लक्ष ठेवणारं माणूस.

आपल्या जुन्या घरांनी हा प्रश्न फार शहाणपणाने सोडवला होता, असं मला वाटतं. कोकणात खळं आणि पडवी. गोव्यात बल्कांव. कोल्हापूरकडे सोपा. विदर्भात ओसरी. पुण्याच्या वाड्यात चौक. मुंबईच्या चाळीत गॅलरी. सगळ्या जागांचा गुण एकच: पूर्ण घर नाही आणि पूर्ण बाहेरही नाही. स्वयंपाक करणारी, तांदूळ निवडणारी, वाळवण राखणारी बाई मान वर केली की मुलाला पाहू शकते. मूल डोळ्यांसमोर असतं, पण पायात येत नाही. कोकणात जूनपासून चार महिने पाऊस बाहेर पडू देत नाही, तेव्हा लांबलचक पडवी हीच पोरांची धावपट्टी असते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथे सकाळी आठपर्यंत आणि सूर्य बुडाल्यावर, असा दिवस दोन तुकड्यांत पोरांना मिळतो. मधली दुपार ओसरीच्या थंडाव्यात.

सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ही मधली जागाच नाही. बाग खाली आहे, पण ती ओट्यापासून दिसत नाही. म्हणजे मूल खेळायला जायचं तर एका मोठ्या माणसाने सगळी कामं सोडून लिफ्टने खाली जायला हवं. आईवडील दोघं नोकरी करतात, आजीचे गुडघे दुखतात. कुकर लावायचा आहे, मूल रडतं आहे, आणि हातात मोबाईल आहे. मोबाईल देणाऱ्या आईला दोष देणं सोपं आहे, पण मला तिच्या घराच्या नकाशात ओसरी नाही हे दिसतं.

नॉर्वेतल्या बालवाड्यांत मुलं थंडी-पावसातही रोज बाहेर असतात. तिकडे म्हणतातच की हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात. आपल्याकडे पुण्यात डिसेंबरात जरा गारठा पडला की कानटोपी, स्वेटर, मोजे आणि दार बंद. "गार वारं लागेल." तिकडे राहणाऱ्या मराठी आयांना पहिल्या वर्षी याचा धक्का बसतो. बर्फात लोळणारं आपलं मूल पाहून पोटात गोळा येतो. मग दुसऱ्या वर्षी त्याच जाड सूट घेऊन रांगेत उभ्या राहतात.

बाळसं

एक शब्द मला आवडतो आणि त्याची काळजीही वाटते: बाळसं. बाळाने बाळसं धरलं म्हणजे गाल वर आले, दंडाला वळ्या पडल्या. पाहुणा आला की आधी हेच पाहतो. बारीक पण सारखं पळणारं मूल दिसलं की "अंगाला लागत नाही हो त्याच्या, किती पळतं" अशी तक्रार होते, जणू पळणं हाच दोष.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण हे कमी वजन सगळीकडून सारखं कमी नव्हतं. स्नायू बरेच कमी आणि कातडीखालची चरबी त्यामानाने टिकलेली. दिसायला हडकुळं, आतून मेदाळ. अशा मुलांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त, म्हणून हे संशोधन जगभर गाजलं. तेव्हा आपल्या बाळाला तूप-साखर घालून वळ्या आणणं हे काही यश नव्हे. त्याला स्नायू हवेत, आणि स्नायूंना चांगलं अन्न लागतं तशी हालचालही लागते.

पण दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि जवळजवळ ६९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी. पोटाला कमी पडलं की लहान मूल पहिली काटकसर खेळण्यात करतं. रडत नाही, तक्रार करत नाही, नुसतं बसून राहतं. पाहुण्याला ते "किती शांत आहे" असं वाटतं. अंगणवाडीच्या ताई मात्र ओळखतात. "हा बसूनच असतो मॅडम," असं ताईने म्हटलं की मी आधी त्याच्या खाण्याची चौकशी करते.

म्हणून खेड्यातलं मूल भरपूर हलतं आणि शहरातलं बसून राहतं, इतकं सोपं चित्र मला पटत नाही. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची मुलं दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत फडावर राहतात. आई कोयता चालवते. एक वर्षाचं मूल फडाच्या कडेला झाडाला बांधलेल्या झोळीत, त्याला झोका द्यायला पाच वर्षांची बहीण. खाली पाचट, साप, बैलगाड्या, ट्रॅक्टर. सोडणार कुठे? पॅराग्वेच्या जंगलातल्या आईचाच प्रश्न. आणि ती पाच वर्षांची बहीण: तिची हालचाल मोजली तर कदाचित कागदावर उत्तम भरेल. पाणी आणते, भावाला कडेवर घेते. पण तिला खेळ मिळाला का?

मुलींबद्दल एवढंच सांगते. त्या पाच देशांच्या पाहणीत बसणं, चालणं यात मुलगा-मुलगी हा फरक इतका किरकोळ होता की दोघांना एकच मोजपट्टी ठेवली. आणि अनेक देशांतल्या अभ्यासांत तीन-चार वर्षांच्या वयात मुलगे मुलींपेक्षा जास्त हलताना दिसतात. मधल्या दोन वर्षांत काय झालं? कुणी काही मुद्दाम केलं नाही. फक्त मुलाला "पळ" आणि मुलीला "सांभाळून" म्हटलं गेलं. फ्रॉक मळेल, केस विस्कटतील, गुडघ्यावर वण राहील. एकदा बागेत अर्धा तास बसून "पडशील" हा शब्द कुणाला उद्देशून येतो तेवढं ऐका.

कच्चं लिंबू

आता मला सगळ्यात जवळची गोष्ट. आपल्या खेळांत एक पद आहे: कच्चं लिंबू. लपाछपी असो, शिवाशिवी असो, डोंगर की पाणी असो; आठ-दहा वर्षांची पोरं खेळत असतात आणि कुणाचा तरी तीन वर्षांचा भाऊ मध्ये लुडबुडतो. त्याला हाकलत नाहीत. "हा कच्चं लिंबू," असं जाहीर होतं. मग तो सगळ्यांबरोबर पळतो, ओरडतो, लपतो, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही.

या एका नियमात काय काय आहे पाहा. तीन वर्षांच्या मुलाला नियम पाळता येत नाहीत, हरणं सोसत नाही, पण मोठ्यांच्या मागे पळायची हौस अफाट असते. मोठ्या मुलांमागे पळताना ते जेवढं धावतं, तेवढं एकट्याने किंवा आपल्याच वयाच्या मुलांत धावत नाही. शिवाय लक्ष ठेवायला ताई-दादा आहेत, मोठं माणूस शेजारी उभं असायची गरज नाही. वयोमानाने गट पाडलेल्या नर्सरीत, प्लेग्रुपमध्ये हे पदच उरलेलं नाही. सगळेच तीन वर्षांचे, मग कच्चं लिंबू कोण?

संक्रांतीच्या बोरन्हाणातही मला हेच दिसतं. वर्षाच्या बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा ओततात आणि खोलीतली सगळ्या वयांची पोरं झुंबड करून ते वेचतात. उकिडवं बसायचं, वाकायचं, दुसऱ्याच्या हाताखालून बोर पळवायचं. बाळ हलव्याचे दागिने घालून मध्ये बसलेलं असतं आणि दोन मिनिटांत तेही वेचायला लागतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे सगळं फार आधी उमगलं होतं. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. म्हणून अंगणवाडी. गुरं राखणारी मुलं कुरणात, तर शाळा कुरणात: कुरणशाळा. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली शाळेत येऊ शकत नव्हत्या, तर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. महागडी साधनं नव्हती. शिंपले, बिया, पानं, खडे होते. मुलाच्या हालचालीला, खेळाला, पाड्यावरच्या जगण्याला त्यांनी अडथळा मानलं नाही, त्यातूनच शिक्षण उभं केलं.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशभरातल्या ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला. आज शहरातल्या कित्येक अंगणवाड्यांना अंगणच नाही. भाड्याची एक खोली, त्यात पोषण आहाराची पोती, वजनकाटा आणि वीस-पंचवीस मुलं. तरी ताई जागा करतात. मी पाहिलेल्या एका खोलीत ताईंनी फरशीवर खडूने नदी काढली होती. मुलं रोज आत आली की आधी नदी ओलांडायची: कोणी उडी मारून, कोणी लंगडी घालत, कोणी पाण्यात पाय पडला म्हणून किंचाळत. पाच मिनिटांत पंचवीस पोरं घामाघूम. आणि त्याच गल्लीत समोरच्या खाजगी वर्गात चार वर्षांची मुलं बाकांवर बसून एका ओळीत दहा वेळा अक्षर गिरवत होती. पालक पैसे मोजून ते घेत होते, कारण त्यांना तेच खरं शिक्षण वाटत होतं. मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं. अक्षर गिरवायला लागणारी ताकद खांद्यातून, दंडातून येते, आणि ती लोंबकळून, चढून, माती उकरून येते.

वहिनीला हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. आठवडाभर, भांडी घासता घासता, फोनवर, असं बोलत राहिलो. तिने दिवाणखान्यातला टीपॉय भिंतीला लावला आणि मध्ये सतरंजी पसरली. पाहुणे आले की जागा अडते, तरी तशीच ठेवली आहे.

शनिवारी संध्याकाळी आम्ही भाचीला घेऊन गच्चीवर गेलो. पाच-सहा पोरं शिवाशिवी खेळत होती. ही वहिनीच्या कडेवरून पुढे झुकून दोन्ही पाय झाडायला लागली. एका मुलाने विचारलं, "काकू, ही खेळणार?" वहिनी काही बोलायच्या आत, दोन वेण्या घातलेली मोठी मुलगी ओरडली, "हो हो, ती कच्चं लिंबू!"

वहिनीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तिला खाली ठेवलं.